तंजावरचा राजवाडा आणि मोठें देऊळ

तंजावरास जाणारा मराठी मनुष्य बहुधा बृहदीश्वराच्या दर्शनास म्हणून जातो आणि राजवाडा उरल्या वेळांत आटोपतो. श्रोत्यांस माझी सूचना याच्या उलट आहे. सकाळ राजवाड्यास द्यावी आणि देवळांत उन्हें कलल्यावर जावें; भर दुपारीं तेथील फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाहीं.

राजवाडा बाहेरून पाहणाराची थोडी निराशाच होते. नायक राजांनीं सोळाव्या शतकांत आरंभिलेलें आणि मराठ्यांनीं वाढविलेलें हें काम आज बरेंच जीर्ण झालें आहे. शहाजी राजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनीं १६७५ च्या सुमारास येथील राज्य हस्तगत केलें. तेव्हांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही जवळजवळ चाळीस वर्षें, कावेरीच्या कांठीं भोसल्यांची गादी नांवाला तरी चालू होती. उंच मनोरा, रंगविलेला दरबार, चोलकालीन कांस्यमूर्तींचें दालन हें सर्व पाहावेंच. मूर्ती तर दोनदां पाहाव्या. पण मन खिळतें तें एका संगमरवरी पुतळ्यापाशीं.

हा पुतळा दुसऱ्या सरफोजी राजांचा. विलायतेंतील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन यानें तो घडविला. राजे हात जोडून उभे आहेत. हे हात देवापुढें जोडले कीं कंपनी सरकारपुढें, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहात नाहीं. १७९९ च्या तहानें त्यांनीं राज्याचा कारभार कंपनीस देऊन टाकला. त्यांच्याकडे किल्ला व त्याचा परिसर उरला, आणि वर्षाला एक लाख होन व निव्वळ वसुलाचा पंचमांश एवढी नेमणूक. तेव्हां त्यांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. तलवार चालविणारा पुरुष येथें शोधूं जाल तर हातीं कांहीं लागणार नाहीं.

मग या माणसानें पुढलीं तेहतीस वर्षें काय केलें, याचें उत्तर वाड्यांतच सरस्वती महाल ग्रंथालयांत मिळतें. संग्रहाचा आरंभ नायकांच्या काळचा. त्याला आजचें रूप दिलें सरफोजींनीं. ताडपत्रांच्या व कागदाच्या चाळीस हजारांहून अधिक पोथ्या येथें आहेत. बहुतेक संस्कृत, मराठी सुमारें तीन हजार, शिवाय मोडी दप्तरांचे रुमाल वेगळे. १८२० सालीं राजे काशीयात्रेस निघाले, तेव्हां पुण्याबरोबर पोथ्याही बांधून आणल्या. वैद्यकाचा त्यांस विशेष नाद. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें आणि त्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी त्यांनीं ठेवविल्या, त्या आजही आहेत. माणसाचा चेहरा व पशूचें मुख यांची तुलना करणारीं लब्रुनचीं फ्रेंच चित्रेंही प्रदर्शनांत मांडलीं आहेत. लहान मुलें तेथून हलत नाहींत.

आपणां महाराष्ट्रीयांस या वाड्याची आठवण दुसऱ्याही कारणानें असावयास हवी. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्याच्या दीडशें वर्षें आधीं पहिल्या शहाजीच्या (१६८४-१७१२) दरबारीं मराठी नाटकें लिहिलीं जात होतीं. सरफोजींनीं देवनागरी छापखाना काढून इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापविलें, तेव्हां पुण्यांत अजून पेशवे नांदत होते. मुलांसाठीं मराठी पुस्तक छापावें हें ज्या राजास सुचलें, त्याला केवळ पेन्शनर म्हणून निकालांत काढणें मला पटत नाहीं.

हा ठेवा वांचला तोही थोडक्यांत. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ त पुत्राविना वारले. लागलीच कंपनीनें राज्य खालसा केलें आणि सरकारी म्हणून राजघराण्याची खासगी मिळकतही जप्त केली. थोरली राणी कामाक्षीबाई गप्प बसली नाहीं. तिनें मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत दावा लावून जिंकला; पण १८५९ त लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें निकाल फिरविला. सत्ताधीशानें राज्यकृत्य म्हणून जें घेतलें त्याचा न्याय न्यायालयास करतां येत नाहीं, असा तो निर्णय. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजून वाचावा लागतो. पुढें मिळकतीपैकीं पुष्कळ भाग सरकारनें राणींकडे मेहेरबानीखातर परत केला. बर्नेल नांवाच्या तेथल्या न्यायाधीशानें संस्कृत पोथ्यांची सूची करून ती १८८० त प्रसिद्ध केली. १९१८ त ग्रंथालय सर्वांस खुलें झालें.

वाटेंत शिवगंगा बागेजवळचें श्वार्ट्झचें चर्च पाहून जावें. या जर्मन मिशनऱ्यानें सरफोजींस लहानपणीं सांभाळलें व शिकविलें. त्याच्या स्मारकशिल्पांत मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून शिष्य उभा आहे. हेंही फ्लॅक्समनचेंच काम. शिष्यानें धर्म मात्र आपलाच राखला.

संध्याकाळीं देवळांत यावें. पहिल्या राजराज चोलानें १०१० त पुरें केलेलें हें विमान दोनशें फुटांहून उंच आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाहीं असें वाटाडे सांगतात; उतरत्या उन्हांत ती चांगली लांबलचक पडलेली असते, तींतच बसावें. मग आवाराच्या नैर्ऋत्येकडे भिंतीवर कोरलेली भोसल्यांची बखर वाचावी. १८०३ त राजांचे चिटणीस बाबूराव यांनीं ती रचली. देवनागरी अक्षरें, मराठी भाषा, आणि लांबी एवढी कीं मान अवघडून जाते. चारी बाजूंस तमिळ बोलणें चाललेलें असतें. यात्रेकरू या भिंतीकडे न पाहतां पुढें जातात.

चोलांचेही लेख मुख्य देवळाच्या भिंतींवर आहेत. त्यांत राजराजानें देवळाच्या सेवेस आणलेल्या चारशें नर्तिकांचीं नांवें आहेत, आणि प्रत्येकीचें घर कोणत्या गल्लींत होतें तेंही लिहिलें आहे. आपल्या बखरींत राजे आहेत, लढाया आहेत, वंशावळ आहे. अक्षर खोदणाऱ्या पाथरवटाचें नांव मात्र मीं दोनदां शोधलें, तें मला आढळलें नाहीं.