इंजिन बसवलेल्या सायकलींवरील चार-धावी इंजिन सुरू करण्याच्या पद्धती

इंजिन बसवलेल्या सायकलीवरील छोटे चार-धावी (फोर-स्ट्रोक) पेट्रोल इंजिन सुरू करण्यासाठी प्रामुख्याने पाच पद्धती वापरल्या जातात: पेडल मारून, ढकलून, दोरी ओढून, किक मारून आणि विजेच्या स्टार्टरने. यांपैकी कोणती पद्धत शक्य आहे, हे मुख्यतः क्लचच्या प्रकारावर आणि इंजिनातील संपीडन कमी करण्याच्या सोयीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात या वाहनप्रकाराचा परिचय बहुतांशी मोपेडच्या रूपाने झाला.

तत्त्व

अंतर्ज्वलन इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. बाहेरील शक्तीने क्रँकशाफ्ट फिरवून पिस्टनला किमान एकदा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवणे या क्रियांतून न्यावे लागते. चार-धावी इंजिनात शोषण, संपीडन, शक्ती आणि उत्सर्जन या चार धावा क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. त्यामुळे इंजिन फिरवणाऱ्यास दर दोन फेऱ्यांत एकदा संपीडनाचा विरोध जाणवतो, तर दोन-धावी इंजिनात तो प्रत्येक फेरीत जाणवतो.

इंजिन सुरू होण्यासाठी क्रँकशाफ्टला पुरेसा वेगही मिळावा लागतो. लहान इंजिनांत ठिणगीसाठी लागणारी वीज बहुधा फ्लायव्हीलमधील चुंबकामुळे निर्माण होते. फ्लायव्हील फार हळू फिरल्यास ठिणगी क्षीण पडते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोलही नीट ओढले जात नाही.

संपीडनाचा विरोध कमी करण्यासाठी अनेक चार-धावी इंजिनांत संपीडन-मोचक यंत्रणा असते. ती कमी वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून काही दाब बाहेर सोडते. वेग वाढल्यावर कॅमशाफ्टवरील छोटे वजन केंद्रोत्सारी बलाने बाहेर सरकते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ लागतो. काही वाहनांत हेच काम हँडलवरील लिव्हरने करतात.

पद्धती

पेडल मारून : ही सर्वांत जुनी पद्धत आहे. क्लच सुटा ठेवून सायकल नेहमीप्रमाणे चालवतात आणि वेग आल्यावर क्लच जोडतात. मागचे चाक चेनद्वारे इंजिन फिरवते. उदाहरणार्थ, २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर धरल्यास ताशी १० किमी वेगात चाक मिनिटाला सुमारे ८० फेरे घेते. चाक व इंजिन यांचे गुणोत्तर १५:१ असल्यास क्रँकशाफ्ट मिनिटाला सुमारे १,२०० फेरे घेतो. इंजिन सुरू होण्यास हा वेग सहसा पुरेसा असतो. या पद्धतीसाठी चालकाच्या नियंत्रणात असलेला क्लच आवश्यक असतो.

ढकलून : क्लच सुटा ठेवून वाहन पळत ढकलतात किंवा उतारावर सोडतात आणि मग क्लच जोडतात. बोलीभाषेत यास ‘धक्का स्टार्ट’ म्हणतात. तत्त्व पेडल पद्धतीचेच असल्याने यालाही हाताने चालणारा क्लच लागतो.

दोरी ओढून : फ्लायव्हीलशेजारी एका कप्पीवर दोरी गुंडाळलेली असते. दोरी ओढली की कप्पीवरील खिट्ट्या फ्लायव्हीलमध्ये अडकून त्याला फिरवतात. इंजिन चालू होताच खिट्ट्या सुटतात आणि स्प्रिंगमुळे दोरी पुन्हा गुंडाळली जाते. सायकलींवर बसवली जाणारी सुमारे ४९ घनसेंमी. क्षमतेची चार-धावी इंजिने बहुधा याच पद्धतीची असतात. होंडाचे ३५.८ घनसेंमी.चे जीएक्स३५ हे इंजिन मूळचे गवत कापण्याच्या यंत्रासारख्या हत्यारांसाठी आहे. तेही दोरीनेच सुरू होते. हिंगोली जिल्ह्यासारख्या सोयाबीन, कापूस व हळद पिकवणाऱ्या भागांतील शेतकऱ्यांना ही यंत्रणा पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपामुळे व गवतकापणी यंत्रामुळे परिचित आहे.

किक मारून : पायाने दाबलेला दांडा दातेरी चक्रांमार्फत क्रँकशाफ्टला काही फेरे देतो. दांडा स्प्रिंगने परत येतो. पायाचा जोर हातापेक्षा अधिक असल्याने थोड्या मोठ्या इंजिनांनाही ही पद्धत चालते.

विजेच्या स्टार्टरने : बॅटरीवर चालणारी मोटर एकदिश क्लचमार्फत इंजिन फिरवते. नव्या रचनांत वीजनिर्मिती करणारे यंत्रच सुरुवातीला मोटर म्हणून वापरले जाते. त्यामुळे स्वतंत्र स्टार्टर व त्याची दातेरी चक्रे लागत नाहीत.

क्लचचे महत्त्व

पेडल मारूनही इंजिन फिरत नाही, ही तक्रार बहुधा क्लचच्या प्रकारातून उद्भवते. चार-धावी जोडइंजिनांत प्रायः केंद्रोत्सारी क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढल्यावरच त्याचे बूट ड्रमवर दाबले जातात. इंजिन बंद असताना बूट आत ओढलेले असतात, म्हणून चाक कितीही वेगाने फिरवले तरी इंजिन फिरत नाही. अशा सायकलीचे पेडल केवळ चालवण्यास मदत करते. केंद्रोत्सारी क्लच असलेल्या मोपेड पेडलने सुरू होत, कारण त्यांत पेडलची गती इंजिनापर्यंत नेणारी वेगळी प्रारंभ-योजना असे.

इतिहास

सायकलीसाठी बनवलेल्या चार-धावी इंजिनांत इटलीतील ‘कुचोलो’ विशेष प्रसिद्ध आहे. आल्दो फारिनेल्ली यांनी त्याची रचना केली आणि १९४६ पासून बोलोन्या येथील डुकाटी कंपनीने त्याचे उत्पादन केले. ४८ घनसेंमी.च्या या इंजिनाच्या नावाचा अर्थ ‘पिल्लू’ असा होतो. ते पेडल मारून सुरू करत. १९६० च्या दशकात होंडाने मागच्या चाकाशीच चार-धावी इंजिन बसवलेली पी५० ही पेडलयुक्त मोपेड काढली.

महाराष्ट्रात पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. ५० घनसेंमी.चे तिचे इंजिन दोन-धावी होते आणि ते पेडलने सुरू होई. वाहन स्टँडवर उभे करून पेडल मारणे हे लूना चालवणाऱ्यांच्या अंगवळणी पडले होते. बजाज ऑटोच्या एम-८० या गाडीला मात्र किक होती. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्याने दोन-धावी मोपेड मागे पडल्या. २०१५ मध्ये टीव्हीएसने ९९.७ घनसेंमी.चे चार-धावी इंजिन असलेली एक्सएल १०० आणली. तिला पेडल नव्हते. ती किकने सुरू होई. २०१८ मध्ये तिच्यात वीजनिर्मिती यंत्रालाच स्टार्टर बनवणारी व्यवस्था आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाचे नाव ई-लूना या विद्युत वाहनाच्या रूपाने परतले. त्यात इंजिन सुरू करण्याचा प्रश्नच राहिला नाही.

सुरू करताना घ्यावयाची काळजी

चार-धावी इंजिनात तेल वेगळे असते, पेट्रोलमध्ये मिसळलेले नसते. म्हणून सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी लागते. थंड इंजिनासाठी चोक लावतात व इंजिन तापल्यावर काढतात. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या मराठवाड्यासारख्या प्रदेशात गरम इंजिनाला चोक लावल्यास मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन प्लग ओला होतो.

सायकल आडवी पडून राहिल्यास तेल सिलिंडरमध्ये शिरू शकते. अशा वेळी दोरी किंवा किक अडकल्यास जोर लावू नये. प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवावे. इंजिन बंद खोलीत किंवा गोठ्यात चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक आहे. केंद्रोत्सारी क्लच असलेल्या सायकलीत थ्रॉटल वर राहिल्यास इंजिन सुरू होताच चाक फिरू लागते. म्हणून मागचा ब्रेक दाबूनच दोरी ओढावी.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या व २५ घनसेंमी.पर्यंतच्या इंजिनाच्या वाहनास मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे ३५ किंवा ४९ घनसेंमी.चे इंजिन बसवलेली सायकल, तिला पेडल असले तरी, मोटार वाहन ठरते आणि सार्वजनिक रस्त्यावर तिला नोंदणी, विमा व चालक परवाना लागतो. ५० घनसेंमी.पर्यंतच्या मोटारसायकलीसाठी किमान वय १६ वर्षे आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा वाहन नोंदणी संकेत एमएच-३८ आहे. घरगुती रीतीने इंजिन जोडलेल्या सायकलीस प्रकार-मान्यता नसल्याने तिची नोंदणी होणे कठीण असते. अपघात झाल्यास विमा नसण्याचा आर्थिक भार चालकावर व मालकावर पडू शकतो.