शिवेचा दगड आणि देवाचे वतन

बांध कोरणे म्हणजे काय हे शेतकऱ्याला माझ्यासारख्या मास्तराने सांगायला नको. दर नांगरटीला नांगराचे एक तास पलीकडे सरकते आणि दहा वर्षांनी भांडण कोर्टात उभे राहते. प्राचीन इस्राएलात मात्र ही गोष्ट आधी देवापुढे जाई. शेजाऱ्याच्या शिवेची खूण सरकवणारावर तेथील धर्मशास्त्राने उघड शाप उच्चारला आहे. आणि तो बसवला कोणाच्या पंगतीला? गुपचूप मूर्ती पुजणारा, आईबापांचा अपमान करणारा आणि आंधळ्याला वाट चुकवणारा यांच्या!

एवढा राग का? बायबलात यहोशवाच्या ग्रंथात इस्राएलाच्या वंशांना मिळालेल्या जमिनीची हकीकत आहे. त्यांतील सात वंशांचे वाटे शिलो गावी, दर्शनमंडपापुढे चिठ्ठ्या टाकून पडले. चिठ्ठी देवापुढची, म्हणून वाटा देवाने दिलेला. चतुःसीमा तर खरेदीखतासारखी सांगितली आहे. यहूदाची उत्तरेची शीव मृत समुद्रापासून बोहनच्या खडकाकडे, पुढे एन-रोगेलच्या झऱ्याला आणि हिन्नोमच्या खोऱ्यातून वर. (ही वर्णने राजांच्या अमदानीत आजच्या रूपाला आली, असे पुष्कळ संशोधक मानतात.) लेवी वंशाला मात्र शेतीचा वाटा नाही. त्यांच्याकडे देवाची सेवा. राहायला ४८ गावे, गुरांना गायरान आणि इतरांच्या पिकाचा दहावा हिस्सा.

मालक देव आणि माणूस त्याच्याकडे उतरलेला पाहुणा, हा या साऱ्याचा पाया. म्हणून शेत कायमचे विकायचे नाही. अडलानडला ते देई, पण पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी ते मूळ घराण्याकडे परत यायचे. मधे जितकी पिके निघतील तितकीच किंमत. विकायचे ते पीक, माती नव्हे. योबेल देशभर पाळला गेल्याचा भक्कम पुरावा मात्र सापडलेला नाही. सावकार तेथेही होतेच की!

पण माणसे ही भावना किती जपत, ते बघा. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील अहाब राजाची कथा आहे. त्याने इज्रेलच्या नाबोथाकडे वाड्यालगतचा द्राक्षमळा मागितला. तेथे भाजीपाला लावायचा होता. बदली याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे, म्हणाला. सौदा चोख होता. नाबोथाने सांगितले, वाडवडिलांचे वतन देण्याचे पाप देव माझ्या हातून न घडवो. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचून मारवले, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. एलिया संदेष्ट्याने त्याला त्याच मळ्यात गाठून जाब विचारला.

दुसरी कथा त्याहून जुनी. मनश्शे वंशातील सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा अशा पाच मुली. त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या: मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का बुडावे? निवाडा मुलींच्या बाजूने झाला. पण वंशातील वडीलधारे कुरकुरले, या बाहेर दिल्या तर शीव दुसऱ्या वंशात जाईल. शेवटी मुलींनी चुलतभावांशी लग्ने केली. आपल्या कानांना हे चमत्कारिक लागेल, पण जमीन घरात राहिली.

१९१० साली शोमरोनच्या, म्हणजे अहाबाच्याच राजधानीच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे निघाली. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील तेलाचे आणि द्राक्षारसाचे ते हिशेब. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांनी ती राजधानी घेतली, त्याच्या थोडेच आधीचे. माल कोणत्या मुलखातून आला तेही खापरांवर लिहिले आहे, आणि त्या मुलखांत दोन नावे आहेत नोआ आणि होग्ला.