केडगावचे तीन शब्द

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही याच गावात आहे. शाळेच्या पुस्तकात आपल्याला रमाबाई भेटतात त्या 1889 साली ‘शारदा सदन’ काढणाऱ्या म्हणून. केडगावबद्दल आपण फारसं बोलत नाही. कारण मग त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दलही बोलावं लागतं.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात टिकून राहणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: विश्वास, आशा आणि प्रीती. चर्चमध्ये हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की गुळगुळीत होऊन जातात. रमाबाईंनी मात्र या प्रत्येक शब्दाची किंमत मोजली.

विश्वासाचंच बघा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्याचा सिद्धांत किंवा चर्चचा अधिकार केवळ सांगितलं म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या अँग्लिकन सिस्टर्सशी त्यांचे पत्रातून खटके उडाले. शास्त्र्यांची सत्ता सोडून आलेल्या बाईला बिशपांची सत्ता नको होती. इकडे पुण्यात 1893 मध्ये उलटाच वाद पेटला. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. तिकडे त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, इकडे जरा जास्तच ख्रिस्ती होत्या.

आशा त्यांना दुष्काळाने शिकवली. त्या साधारण सोळा वर्षांच्या असताना दुष्काळातच आई, वडील आणि बहीण गेले. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग आला, म्हणून मुलींना केडगावच्या जमिनीवर हलवलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असं सगळं उभं राहिलं. इथली आशा म्हणजे उद्याच्या जेवणाची सोय.

प्रीतीचा अर्थ तिथे वेगवेगळ्या सदनांमधून दिसतो. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. अंध मुलींना ब्रेल शिकवायची सोय रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने केली. मुलींना घेताना जात विचारली जात नव्हती.

भुकेल्या मुलीला आसऱ्यासोबत धर्मही दिला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो टाळू नये. ज्याच्या हातात भाकरी आहे, त्याच्यापुढे ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. पण त्या वर्षी त्या मुलीसाठी आणखी किती दारं उघडी होती, हेही विचारायला हवं.

शेवटची अनेक वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. कमी शिकलेल्या बाईलाही ते समजावं, ही त्यांची अट होती. 1921 मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

छपाई केडगावातच झाली. खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्याच मुली-बायकांचे होते. विश्वास, आशा, प्रीती हे शब्दही त्यांनीच एकेक अक्षर लावून छापले.