दौलतमंगळ : पुण्याची जागा घ्यायला निघालेला गड

पुणे-सोलापूर रस्त्यानं दौंडकडे जाताना यवतच्या आसपास उजव्या हाताला डोंगरांची एक रांग दिसते. त्यातल्या एका डोंगरावर भुलेश्वरचं देऊळ आहे. श्रावणात तिथे जत्रेची गर्दी असते आणि एरवी शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या. पण देवळाकडे चढताना वाटेत जो बुरूज आणि तटाचे जे तुकडे लागतात, त्यांच्याकडे सहसा कुणी थांबून बघत नाही. ते दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. हा किल्ला कशासाठी बांधला, हे कळलं की त्या पडक्या तटाकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. पुणं मोडून पुण्याचा कारभार इथे हलवायचा, असा तो बेत होता.

माझी पीएच.डी. भूजलावर आहे, इतिहासावर नाही. पण दख्खनच्या पठारावर पाणी कुठे मुरतं आणि कुठे मुरत नाही, हे समजून घेताना जुन्या वस्त्या आणि जुने किल्ले आपोआप समोर येतात. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडं गणित.

पुणं मोडलं कुणी आणि का?

1629 मध्ये निजामशाही दरबारात लखुजी जाधवरावांचा खून झाला. जावई शहाजीराजे निजामशाही सोडून आपल्या पुण्याच्या जहागिरीत आले आणि त्यांनी आजूबाजूच्या आदिलशाही मुलखात धुमाकूळ घातला. विजापूरला हे परवडणारं नव्हतं. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव फौज घेऊन पुण्यावर आला. हा 1630 च्या सुमाराचा काळ. शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा, शिवनेरीवरचा. म्हणजे जहागीरदाराच्या घरी पाळणा हलत होता त्याच सुमारास जहागिरीचं गाव जळत होतं.

मराठी शकावल्या आणि परंपरा सांगतात, की मुरार जगदेवानं कसबा जाळला, कोट पाडला, गाढवाचा नांगर फिरवला आणि जमिनीत लोखंडी पहार ठोकली. गाढवाचा नांगर म्हणजे 'इथे पुन्हा वस्ती होऊ नये' असा जाहीर शाप. मग ठाणं हललं ते पूर्वेला, भुलेश्वरच्या डोंगरावर. तिथे तट-बुरूज उभे राहिले आणि गडाला नाव मिळालं दौलतमंगळ.

त्यात 1630 ते 1632 ही दख्खन आणि गुजरातमधल्या भीषण दुष्काळाची वर्षं. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानंसुद्धा त्याचं वर्णन करून ठेवलंय. म्हणजे पुणं दोनदा उठलं, एकदा फौजेमुळे आणि एकदा पावसामुळे.

ही जागाच का?

डोंगरावर उभं राहिलात की निम्मं उत्तर मिळतं. उत्तरेला मुळा-मुठा आणि भीमेचं सपाट खोरं, दक्षिणेला कऱ्हेचं. ही रांग म्हणजे दोन खोऱ्यांमधला पाणलोटाचा बांध आहे. वर पडलेल्या पावसाचं अर्धं पाणी इकडे जातं, अर्धं तिकडे. पुण्याहून विजापूरकडे जाणारी फौज, व्यापाऱ्यांचे बैल, वसुलीचा पैसा हे सगळं या खोऱ्यांतूनच जाणार. लक्ष ठेवायला जागा एक नंबर.

पण इथून पुण्यावर नजर ठेवता येत होती का? हे आपण मोजून बघू.

नकाशावर भुलेश्वर ते कसबा पेठ हे सरळ अंतर साधारण 40 किलोमीटर भरतं. तुम्ही भोवतालापेक्षा 200 मीटर उंच उभे असाल, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिज साधारण 50 किलोमीटरवर येतं. म्हणजे मधली टेकाडं आणि हवेतली धूळ बाजूला ठेवली, तर पुणं नजरेच्या टप्प्यात येतं.

आता डोळ्याचं बघा. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला साधारण अंशाचा साठावा भाग इतका कोन लागतो. 40 किलोमीटरवर याचा अर्थ होतो जवळजवळ 12 मीटर. त्याहून लहान वस्तू नुसत्या डोळ्यांनी सुटी ओळखता येत नाही. घर नाही, बैलगाडी नाही, माणूस तर नाहीच. दिसेल तो धूर, रात्रीची मोठी आग, फार तर मोठ्या फौजेची धूळ.

मला यात या गडाची सगळी गोष्ट दिसते. या उंचीवरून शहर जळतंय का, हे कळतं. शहर जगतंय का, हे कळत नाही.

पाण्याचा हिशेब

आता माझ्या विषयाकडे येते. सह्याद्रीपासून पूर्वेला सरकलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो. पुण्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, दौंडकडे 500 च्या घरात. डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली अखंड खडक. पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे बरंचसं वाहून जातं. वर राहायचं तर टाकी आणि तळी करून पाऊस साठवणं आलं.

समजा, पुण्याच्या कसब्याच्या जागी इथे 10,000 माणसं वसवायची आहेत. पिणं, स्वयंपाक, धुणं धरून माणशी रोज 20 लिटर म्हटलं, तर वर्षाला 7 कोटी 30 लाख लिटर पाणी लागेल. 500 मिलिमीटर पावसात तेवढं जमवायला सुमारे 36 एकरांवरचा प्रत्येक थेंब न सांडता धरावा लागेल. आणि आपल्याकडे उघड्या पाण्यातून वर्षभरात दीड मीटरहून जास्त पाणी नुसतं उडून जातं. घोडे, गुरं, बागा आणि रंगारी-चांभारांचे धंदे तर यात धरलेच नाहीत. शिबंदीपुरतं पाणी डोंगरावर साठवता येतं. बाजारपेठ वसवायला नदीकाठच लागतो. पुणं मुठेच्या काठी वसलं, ते काही उगाच नाही.

पुढे काय झालं?

गड ओस पडायला राजकारणच पुरेसं ठरलं. हाच मुरार जगदेव 1633 मध्ये भीमा-इंद्रायणीच्या संगमावर ग्रहणाच्या वेळी दानधर्म करताना भेटतो. हत्तीची तुला करायची होती. तेव्हा शहाजीराजांनी तोड सुचवली : हत्तीला नावेत उभं करा, नाव किती बुडते तिथे खूण करा, मग तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरा आणि ते दगड तोला. त्या गावाचं नाव तुळापूर पडलं, असं सांगतात. म्हणजे तीनेक वर्षांपूर्वीचे वैरी एका घाटावर होते! 1635 मध्ये विजापूरच्या दरबारी भांडणात मुरार जगदेव मारला गेला. 1636 च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि पुण्याची जहागीर त्यांच्याकडेच राहिली.

मग दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पुण्याची लावणी सुरू झाली. पांगलेली कुळं परत आणली, सारा सुरुवातीला अगदी हलका ठेवला आणि जमीन लागवडीला येईल तसा वर्षावर्षानं वाढवत नेला. सोन्याचा नांगर फिरवल्याची कथा तुम्हाला माहीत असेलच. गाढवाच्या नांगराला दिलेलं ते उत्तर. पण माझ्या मते शाप सोन्यानं उतरला नाही, हलक्या साऱ्यानं उतरला. 'ये, कस, पहिली वर्षं आम्ही तुझ्या गळ्याशी येणार नाही' हा भरवसा मिळाला, म्हणून कुणबी परत आला.

तुम्ही जाल तेव्हा

यवतहून दक्षिणेला साधारण 10 किलोमीटर, रस्ता वरपर्यंत आहे. आधी बुरुजापाशी थांबा. मग देऊळ बघा. यादवकाळातलं हे देऊळ बाहेरून देवळासारखं दिसतच नाही. घुमट आणि कमानींमागे ते लपलंय, आत जायची वाटही आडबाजूनं आणि अंधारी आहे. आतलं कोरीवकाम थक्क करणारं आहे. अनेक मूर्ती फोडलेल्या आहेत आणि स्त्रीरूपातला गणपतीही तिथेच आहे. शिवालय यादवांच्या काळातलं, भोवतीचा गड सुलतानाचा, बांधणारा सरदार तुळादान करणारा ब्राह्मण आणि जाळलेलं गाव मराठा जहागीरदाराचं. एका वाक्यात बसवू गेलात तर काहीतरी बाहेर राहणारच.

शेवटी उत्तरेच्या कठड्याशी उभे राहा. खाली उसाचा हिरवा पट्टा दिसेल. खडकवासल्याचा कालवा पुण्याहून इकडे येतो, पुढे इंदापूरपर्यंत जातो. धरणसाखळीतलं सुमारे 29 टीएमसी पाणी शहराला किती आणि शेतीला किती, हे भांडण दर उन्हाळ्यात होतं. तेव्हा हा गड पुण्यावर नजर ठेवायला बांधला होता. आज गडाखालचा शेतकरी पुण्याकडे नजर लावून बसतो, पुढचं आवर्तन कधी सुटतं म्हणून. आणि शहरातून बघणाऱ्याला 40 किलोमीटरवरचा माणूस आजही दिसत नाही.