तारामती ते वागळ्यांचे घर : दुर्गा खोटे आणि अभिनेत्रीच्या व्यवसायाची घडण

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली होती. साळुंके हे मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करीत, आणि फाळक्यांनी त्यांना तिथून उचलले ते हौसेने नव्हे, तर कॅमेऱ्यासमोर उभी राहायला कोणतीच स्त्री तयार होईना म्हणून. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने हीच कथा 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटासाठी घेतली, त्या वेळी तारामती झालेली स्त्री मुंबईतल्या एका सॉलिसिटरची मुलगी होती, कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली होती, आणि दोन मुलांची आई होती. या दुर्गा खोटे यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात बहुधा एवढ्या एकाच कारणाने घेतले जाते की, त्यांच्यामुळे 'कुलीन' स्त्रीला सिनेमाचा दरवाजा उघडला. हे खरे असले तरी अपुरे आहे. त्यांच्या जवळजवळ साठ वर्षांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व असे की, अभिनेत्रीने कुणाच्या पदरी राहून नव्हे, तर स्वतःच्या अटींवर काम करायचे असते, ही गोष्ट त्यांनी बोलून दाखवण्याआधी करून दाखवली.

'कुलीन' या शब्दाविषयी आधीच थोडे स्पष्ट बोललेले बरे, कारण त्या शब्दाने दुर्गाबाईंच्या आधीच्या स्त्रियांवर अन्याय होतो. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या १९१३ च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमला हिने मोहिनीची भूमिका केली, आणि भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्री-कलावंत म्हणून या मायलेकींची नोंद झाली. कमलाबाई पुढे गोखले झाल्या आणि त्यांच्या घराण्यात चंद्रकांत गोखले व विक्रम गोखले यांच्यापर्यंत अभिनयाची परंपरा अखंड चालली. मूकपटांच्या काळात, म्हणजे संवाद पाट्यांवर लिहून दाखवले जात त्या काळात, सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स, पेशन्स कूपर, गोहर, जुबेदा अशा अभिनेत्रींनी हा धंदा आपल्या खांद्यांवर पेलला. यांतल्या कुणी अँग्लो-इंडियन वा ज्यू कुटुंबांतून आल्या, कुणी नाचगाण्याची परंपरा असलेल्या घरांतून. समाजाने त्यांची लोकप्रियता मान्य केली, त्यांच्या चित्रांवर पैसे मिळवले, पण त्यांना प्रतिष्ठा मात्र दिली नाही. दुर्गा खोटे यांना जी प्रतिष्ठा मिळाली तिची किंमत या आधीच्या पिढीने मोजली होती, हे विसरून चालणार नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड, मूळ गोव्याचे सारस्वत कुटुंब, वडील पांडुरंग लाड हे नामांकित सॉलिसिटर, आणि घर गिरगावातल्या कांदेवाडीतले, माणसांनी भरलेले. लग्न खोटे यांच्या सधन घरात झाले, पण पुढे त्या घराची सांपत्तिक स्थिती पार ढासळली आणि बकुल व हरिन या दोन मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. शिकवण्या करून घर चालेना. अशा अडचणीत १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक छोटी भूमिका पत्करली. चित्रपट सुमार होता, त्याहून वाईट त्याची झालेली चर्चा होती. लाड आणि खोटे या दोन्ही घराण्यांच्या नावाने लोक बोटे मोडू लागले. प्रतिष्ठित घरातली स्त्री सिनेमात आली ती समाजसुधारणेच्या ओढीने, असे पुढे सोयीस्करपणे लिहिले गेले. प्रत्यक्षात त्या आल्या त्या मिळकतीसाठी, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही.

त्याच सुमारास व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीसाठी विचारले. प्रभात ही शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या भागीदारांनी १९२९ साली कोल्हापुरात काढलेली संस्था. बोलपटाचे तंत्र तेव्हा कोवळे होते. ध्वनी आणि चित्र एकाच वेळी मुद्रित होत असल्यामुळे नटाला मायक्रोफोनच्या टप्प्यातच वावरावे लागे, आणि पार्श्वगायन, म्हणजे एकाने गायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर ओठ हलवायचे ही सोय, १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रूढ झालेली नव्हती. त्यामुळे ज्याची भूमिका त्याचेच गाणे, आणि तेही कॅमेरा चालू असताना, चौकटीबाहेर बसलेल्या साथीदारांच्या साथीवर. 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हे संगीत रंगभूमीवर मुरलेले गायक-नट आणि या चित्रपटाचे संगीतकारही होते. त्यांच्यासमोर गाण्याचा पेशा नसलेल्या दुर्गाबाईंना उभे राहायचे होते. शिवाय चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत बनत होता. आजच्यासारखे नंतर भाषांतरित संवाद चिकटवण्याचे तंत्र नसल्यामुळे प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित होई, म्हणजे तारामतीला राज्यत्यागाचे, विक्रीचे आणि स्मशानातले दुःख एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत भोगावे लागे. या दुहेरी कामाने त्यांचे उच्चार आणि शब्दफेक घडली, आणि पुढे कलकत्त्याच्या कंपन्यांची दारे उघडली ती याच तयारीमुळे. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे भारतीय बोलपटाचा आरंभ डोळ्यांनी पाहायचा आणि कानांनी ऐकायचा तर अभ्यासकाला या तारामतीपाशीच यावे लागते.

तारामती ही सोशिक पतिव्रता. त्याच साच्यात त्या अडकल्या असत्या तर त्यांची कारकीर्द लवकर आटोपली असती. पण त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या, पायाशी चित्ता बाळगणारी आणि पुरुषाच्या सत्तेला जुमानणारी नव्हे तर तिला आव्हान देणारी. १९३६ च्या 'अमर ज्योती'त त्याहून पुढचे पाऊल पडले. त्यातली सौदामिनी हिला राज्याचा कायदा स्वतःच्या मुलावरचा हक्कही नाकारतो, आणि ती समुद्रावर चाचेगिरी करून त्या व्यवस्थेशी युद्ध पुकारते. मूल कुणाचे, हा प्रश्न आणि त्यावर शस्त्र उपसणारी आई मराठी माणसाच्या कंपनीने त्या काळी पडद्यावर आणली, हे धाडस आजही थक्क करते. दुर्गाबाईंची उंची, ताठ चाल आणि स्वच्छ, दाणेदार आवाज यांना सौदामिनी इतकी शोभली की, पुढच्या काळात त्यांना मिळालेल्या अनेक राणीसाहेबांची आणि मानी मातांची मूळ मूर्ती तीच म्हणावी लागेल.

या भूमिकांइतकीच महत्त्वाची गोष्ट पडद्यामागची आहे. त्या काळी चित्रपट कंपनी म्हणजे एखाद्या कारखान्यासारखी व्यवस्था होती. नट, तंत्रज्ञ, सुतार, शिंपी सगळे महिन्याच्या पगारावर, आणि करार असेपर्यंत दुसरीकडे काम करायला मनाई. कंपनी चित्रे काढील तेव्हा काम, नाही तर वाट पाहायची, आणि उमेदीची वर्षे त्यात निघून जायची. दुर्गाबाईंनी एका कंपनीशी बांधून घेण्याऐवजी चित्रपटागणिक करार करण्याचा मार्ग धरला, आणि असे मुक्तपणे काम करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. प्रभातचे नाव गाजत असतानाच त्यांनी कलकत्त्यात न्यू थिएटर्ससाठी १९३३ चा 'राजरानी मीरा' आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी १९३४ चा 'सीता' हे देबकी बोस यांचे चित्रपट केले, पुढे मुंबईत प्रकाश पिक्चर्सचा 'भरत मिलाप' केला, आणि दरम्यान प्रभातमध्ये परत येऊन 'अमर ज्योती'ही केला. १९३७ साली 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण आणि दिग्दर्शित केला. स्त्रीने भांडवलाची आणि दिग्दर्शनाची जोखीम एकदम उचलावी, याची उदाहरणे त्या वेळी भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती.

हा मार्ग सर्वांना खुला नव्हता, याची साक्ष शांता आपटे यांच्या झगड्यात मिळते. 'कुंकू'तली त्यांची नीरा १९३७ मध्ये घराघरांत पोहोचली, पण कराराच्या प्रश्नावरून त्यांचा प्रभातशी वाद झाला आणि १९३९ साली त्यांनी तोवर पुण्यात आलेल्या कंपनीच्या दारातच उपोषण केले. १९४० साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींसमोर त्याची बरीवाईट बाजू मांडली. दुर्गाबाईंच्या पाठीशी शिक्षण, इंग्रजीवरचे प्रभुत्व आणि कायद्याची जाण असलेले माहेर होते, म्हणून त्यांना कंपनीशी बरोबरीने बोलता आले. शांताबाईंना तेच मिळवण्यासाठी अन्न सोडून बसावे लागले. कर्तृत्व दोघींचे, पण दोघींना मिळालेली जमीन सारखी नव्हती.

१९४० नंतरच्या दोन दशकांत दुर्गाबाईंच्या वेळेचा मोठा हिस्सा रंगभूमीने घेतला. मराठी नाटकात स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची चाल बालगंधर्वांच्या वैभवाने टिकून होती, आणि १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांना स्त्रियांच्या भूमिका दिल्या तेव्हाही ती नवलाचीच गोष्ट वाटली होती. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून दुर्गाबाई रंगमंचावर आल्या तेव्हा प्रेक्षकांची नजर बरीच बदललेली होती. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मधली नायिका, या दोन महत्त्वाकांक्षी स्त्रिया त्यांनी उभ्या केल्या. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

चित्रपटात वयाने मोठ्या झालेल्या नटीला आईच्या भूमिकेपलीकडे फारसे काही उरत नाही, आणि हा नियम दुर्गाबाईंनाही चुकला नाही. तरी त्यांच्या आया एकसाची नाहीत. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई पती आणि पुत्र यांच्या मधोमध उभी राहून दोघांचीही राहते. १९७३ च्या 'बॉबी'तली मिसेस ब्रॅगान्झा ही नातीला सांभाळणारी गोव्याकडची ख्रिस्ती आजी. १९७४ च्या 'बिदाई'तल्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये पद्मश्री आणि पुढे १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार, असे सन्मानही आले. १९८२ साली 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे त्याआधी १९७० साली आलेले आत्मकथन याच्या शेजारी ठेवून वाचावे. एकात संसाराची आणि व्यसनाची उघडी जखम आहे, दुसऱ्यात कर्त्या बाईचा संयम आहे, आणि अभिनेत्रीच्या धंद्याचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही लागतात.

दुर्गाबाईंच्या उत्तरायुष्यातल्या ज्या उद्योगाकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, तो लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट यांच्या निर्मितीचा. चित्रपटगृहात मुख्य चित्रापूर्वी दाखवल्या जाणाऱ्या छोट्या जाहिराती हे दूरदर्शनपूर्व काळातले मोठे क्षेत्र होते, आणि तिथे नाव, चेहरा, टाळ्या यांपैकी काहीच मिळत नाही. मिळते ते वेळेत आणि ठरल्या खर्चात काम पुरे केल्याचे समाधान. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही संस्था त्या शिस्तीवर उभी राहिली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९८४ च्या 'हम लोग'पासून प्रायोजित मालिकांचे, म्हणजे एखाद्या उत्पादकाच्या पैशावर बाहेरच्या निर्मात्याने बनवून दूरदर्शनला द्यायच्या मालिकांचे, युग आले, तेव्हा ज्यांच्याकडे अशी शिस्त होती त्या संस्था सज्ज होत्या. १९८८ साली याच संस्थेने आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची 'वागळे की दुनिया' ही मालिका दूरदर्शनवर आणली. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे, वागळे झाले अंजन श्रीवास्तव आणि राधिका वागळे झाल्या मराठी रंगभूमीवरून आलेल्या भारती आचरेकर. स्कूटर, रेशन, शेजारी, कार्यालयातला साहेब अशा साध्या गोष्टींवर चालणारे ते मध्यमवर्गीय घर देशभरच्या प्रेक्षकांना आपले वाटले. मूकपटाच्या शेवटच्या दिवसांत एका छोट्या भूमिकेने धंद्यात पाऊल टाकलेल्या स्त्रीच्या नावाची पाटी दूरचित्रवाणीच्या लोकप्रिय मालिकेवर झळकली, असा प्रवास भारतीय करमणुकीच्या इतिहासात क्वचितच सापडेल. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

अभिनेत्रीनेच निर्माती होण्याची ही वाट मराठीत पुढे दूरचित्रवाणीच्या बाजूने रुंद झाली. स्मिता तळवलकर यांनी मुंबई दूरदर्शनवर अनेक वर्षे बातम्या दिल्या, नाटक-चित्रपटांत कामे केली आणि 'अस्मिता चित्र' ही संस्था काढली. १९८९ चा 'कळत नकळत', त्यानंतर 'चौकट राजा', आणि खासगी वाहिन्यांच्या काळात 'अवंतिका' ही दैनंदिन मालिका त्यांच्या नावावर आहे. ज्या धंद्यात शिरण्यासाठी १९३१ साली एका शिकलेल्या स्त्रीला दोन घराण्यांचा रोष ओढवून घ्यावा लागला होता, त्याच धंद्याचे रीतसर शिक्षण देणारी अकादमीही तळवलकरांनी आपल्या संस्थेच्या नावाने सुरू केली.