मातेचे वजन आणि बालस्थूलता

गर्भधारणेच्या वेळचे मातेचे वजन, गरोदरपणात त्यात पडणारी भर आणि पुढे मुलाच्या अंगी साठणारी चरबी यांचा संबंध. गर्भधारणेपूर्वीच बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) जास्त असलेल्या स्त्रियांची मुले लठ्ठ होण्याचे प्रमाण अधिक, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. गरोदरपणात वाढलेल्या किलोंपेक्षा या आधीच्या वजनाशी असलेला संबंध बहुधा अधिक घट्ट असतो.

कारणे : आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून गर्भाकडे जाते, आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. गर्भाचे स्वादुपिंड मग स्वतःच जास्त इन्शुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी धरते. ही उपपत्ती डेन्मार्कचे वैद्य यॉर्गेन पेडरसन यांची. ॲरिझोनातील पिमा या मूलनिवासी समाजात आईला मधुमेह जडण्यापूर्वी जन्मलेली आणि नंतर जन्मलेली सख्खी भावंडे ताडून पाहिली, तेव्हा नंतरच्यांचा बीएमआय जास्त भरला. एकाच आईबापांच्या मुलांतला हा फरक केवळ आनुवंशिकतेने सांगता येत नाही. उलट टोकाचे उदाहरण नेदरलँड्समधील १९४४–४५ च्या उपासमारीचे आहे : गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार सोसलेल्यांपैकी अधिक मुलगे एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ निघाले.

पुणे अभ्यास : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांच्या बाळांचा हा अभ्यास सुरू केला. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि बीएमआय १८ च्या आसपास होता. बाळे सरासरी २.७ किलोंची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची होती. बाळ जन्मल्यावर त्याच्या पाठीवरची, खवाट्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजण्यात आली. दंडाचा आणि पोटाचा घेर खूपच कमी भरला, पण कातडीची ही घडी त्या मानाने फारशी पातळ नव्हती. हाडकुळ्या दिसणाऱ्या बाळाच्या कातडीखाली चरबी टिकून होती. वजनकाट्यावर न दिसणारी ही चरबी मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. शेतात राबणाऱ्या ४२ किलोंच्या स्त्रीला ‘वजन आटोक्यात ठेवा’ हा परदेशी सल्ला देणे अन्यायाचे ठरते.

याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-रोध (इन्शुलिनला शरीराने कमी दाद देणे) सर्वाधिक आढळला. फोलेट जास्त असलेल्यांच्या मुलांत चरबीही अधिक होती. मात्र म्हणून गरोदरपणात फोलेटसाठी दिल्या जाणाऱ्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या टाळू नयेत. बाळाच्या मज्जारज्जूतील दोषांचा धोका त्यांनी कमी होतो.

वजनवाढीचे निकष : अमेरिकेच्या २००९ च्या शिफारशीनुसार गरोदरपणात प्रमाणित बीएमआय असलेल्या स्त्रीने ११.५ ते १६, तर स्थूल स्त्रीने ५ ते ९ किलोंची भर घालावी. हे आकडे लहान चणीच्या भारतीय स्त्रियांना जसेच्या तसे लावता येतील, असे नाही.

हस्तक्षेप : ऑस्ट्रेलियातील ‘लिमिट’ चाचणीत जादा वजनाच्या गरोदर स्त्रियांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. ४ किलोंवरच्या बाळांचे प्रमाण घटले, पण तीन ते पाच वर्षांच्या वयात मुलांच्या लठ्ठपणात फरक उरला नाही. गरोदरपणात सुरुवात करणे उशिराचे ठरते काय, याविषयी मतभेद आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या चाचणीत गर्भधारणेपूर्वीपासूनच स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ देण्यात आला. त्यांच्यात गर्भकालीन मधुमेह ७.३ टक्के, तर साधा खाऊ मिळालेल्यांत १२.४ टक्के आढळला.

पित्याचे वजन : मुलाच्या वजनाशी याचाही संबंध दिसतो, काही पाहण्यांत तो मातेच्या वजनाइतकाच आहे.