हत्तीची साखर

1992 साली अमेरिकेत सुपर निन्टेंडोवर ‘कॅप्टन नोव्होलिन’ हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा मी सांगलीत शाळेत जात होते आणि इन्सुलिनवर होते. घरी फ्रिज नव्हता. बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात असायची. खेळ पाहिला तो कितीतरी वर्षांनी, एम्युलेटरवर.

नायकाला मधुमेह. खेळ राया सिस्टिम्सचा, पाठबळ इन्सुलिन बनवणाऱ्या नोवो नॉर्डिस्कचं. नायकाचं नावच मुळी औषधाचं! शत्रू म्हणजे गोडाधोडाचं रूप घेतलेले परग्रहवासी, थेट अंगावर धावून येणारे. जिलबी अशी धावून आली असती तर आमचं काम सोपं होतं. ती मावशी आग्रहाने वाढते, ‘एकीने काय होतंय गं’ म्हणते. खरी पंचाईत तिथे असते.

राया सिस्टिम्सचाच 1995चा ‘पॅकी अँड मार्लन’ मात्र शहाणा निघाला. मधुमेह असलेले दोन हत्ती सुट्टीच्या शिबिरात येतात, तर तिथलं खाणं आणि औषधं उंदीर-घुशींनी पळवलेली. साखर तपासायची, इन्सुलिन ठरवायचं, जेवणाच्या तक्त्याप्रमाणे वेचून खायचं. चुकलं तर साखर हत्तीची बिघडते. तुम्हाला कोणी ‘काय खाल्लंस?’ म्हणून फैलावर घेत नाही. शिवाय दोघांनी मिळून खेळायची सोय. मधुमेह असलेलं दुसरं मूल मला लहानपणी माहीतच नव्हतं.

या खेळाची रीतसर चाचणीही झाली, 1997 साली छापून आली. 8 ते 16 वयाची 59 मुलं. काहींना हा खेळ, बाकीच्यांना साधा व्हिडिओ गेम, सहा महिने घरी. हा खेळ खेळलेल्या मुलांवर तातडीने डॉक्टर गाठण्याची वेळ 77 टक्क्यांनी कमी आली, हे सगळे सांगतात. मुलं थोडी असल्याने तो आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरच होता. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच: हा खेळ खेळलेली मुलं स्वतःची काळजी जास्त घेऊ लागली आणि आईवडिलांशी आजाराबद्दल जास्त बोलू लागली.

पुढे बायरने ‘डिजिट’ नावाचं ग्लुकोमीटर काढलं. ते निन्टेंडो डीएसला जोडायचं. नियमित तपासणी केली, साखर आटोक्यात राहिली, की गुण मिळायचे. हा प्रयोग आईने आधीच केला होता. लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळायची. विटकरी रंग आला तर साखर भरपूर, निळा राहिला तर पन्नास पैसे. नमुन्यात नळाचं पाणी घातलं की रंग निळाच राहतो, हे कळायला मुलांना फार दिवस लागत नाहीत.